कार्यशाळेतील इंग्रजी लेखन : अडचणी व उपाय

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली आपली मुले-मुली तंत्रनिकेतनात पदविकेला जातात. कार्यशाळेत हातात कानस येते, व्हाइसमध्ये जॉब बसतो आणि काम जमू लागते. पुष्कळांच्या घरी वडील, काका किंवा मामा कारखान्यात राहिलेले असतात. हत्यारांची ओळख त्यांना नवीन नसते. अडचण येते ती जर्नल लिहिताना. जॉब स्वतःच्या हाताने केलेला, पण त्याची हकिगत मात्र मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून उतरवलेली! तोंडी परीक्षेत परीक्षक त्याच वहीतील एक वाक्य विचारतात आणि काम येत असूनही विद्यार्थी गप्प उभा राहतो. गुण जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे 'हे शिक्षण आपल्यासाठी नाही' असे त्याला वाटू लागते. हे थांबले पाहिजे, म्हणून आजचा विषय.

इंग्रजी सुधारणे हे इंग्रजीच्या शिक्षकाचे काम, कार्यशाळेच्या शिक्षकाचे नव्हे, असे आपल्याकडे समजतात. खुद्द इंग्लंडमध्येही असाच समज होता. १९७५ साली सर अॅलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा 'अ लँग्वेज फॉर लाइफ' हा अहवाल तेथे प्रसिद्ध झाला. भाषा ही सर्वच विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी आहे, असे त्या अहवालाने आग्रहाने मांडले. पुढे १९९० पासून तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमात 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा विषय आला. त्यात वस्तू नुसती बनवून भागत नाही. ती कोणासाठी, कोणते साहित्य निवडले, का निवडले, चाचणीत काय आढळले, हे सर्व मांडावे लागते. आपल्या पदविकेतील प्रकल्प अहवालातही हीच अपेक्षा असते. अर्थात लेखन हा कामाचाच एक भाग आहे, ती वेगळी शिक्षा नव्हे.

आता नेमक्या चुका कोठे होतात ते पाहू. मराठी मुलांच्या चुका बुद्धीच्या उणिवेमुळे होत नाहीत. त्या मराठीच्या सवयीतून येतात.

पहिली अडचण 'ने' या प्रत्ययाची. आपण 'विद्यार्थ्याने घासले' म्हणतो आणि 'कानशीने घासले' असेही म्हणतो. करणारा आणि हत्यार, दोघांनाही मराठी एकच 'ने' लावते. इंग्रजी मात्र येथे फरक करते. करणाऱ्याला 'बाय', हातातल्या हत्याराला 'विथ'. म्हणून 'फाइल्ड बाय फाइल' नव्हे, तर 'फाइल्ड विथ अ फाइल'.

दुसरी अडचण 'अ' आणि 'द' यांची. मराठीत असे शब्द नाहीत, म्हणून मुले ते गाळतात किंवा कोठेही घालतात. कार्यशाळेत हे समजावणे फार सोपे आहे. प्लेटला प्रथम भोक पाडले तेव्हा ते 'अ होल'. नंतर त्याच भोकात आटे पाडले तेव्हा ते 'द होल'. वस्तू डोळ्यांसमोर असते, त्यामुळे नियम पाठ करावा लागत नाही.

तिसरी अडचण अशी की इंग्रजीत पुष्कळदा हत्याराचे आणि क्रियेचे नाव एकच असते. फाइल, ड्रिल, टॅप, पंच हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही. शिवाय फाइल म्हणजे कचेरीतील फाइल आणि टॅप म्हणजे पाण्याचा नळ एवढेच मुलाला ठाऊक असते. त्यात स्पेलिंगची भर. गेज या शब्दात 'यू' हे अक्षर लपलेले असते, चिझल लिहिताना 'एस' लागतो. आणि शॉपमध्ये हॅकसॉला 'एक्सा' म्हणणारे पुष्कळ. जसे ऐकले तसे लिहिले की चुकलेच.

चौथी अडचण आज्ञा आणि वृत्तांत यांची गल्लत. पुस्तकात 'कट द प्लेट' असे लिहिलेले असते, ती सूचना आहे. जर्नलात आपण केलेले काम सांगायचे असते, म्हणून 'द प्लेट वॉज कट'. मराठीतही 'पत्रा कापा' आणि 'पत्रा कापला' हा भेद आहेच. तो दाखवून दिला की मुलांना लगेच पटतो.

यावर उपाय काय? मंडळाच्या अभ्यासिकेत आम्ही जी पद्धत वापरतो ती थोडक्यात सांगतो.

प्रथम विद्यार्थ्याने जॉब हातात धरून सर्व कृती क्रमाने मराठीत सांगावी. ज्याला मराठीत क्रम सांगता येत नाही त्याला तो इंग्रजीत लिहिता येणार नाही. नंतर प्रत्येक पायरीसाठी एकच छोटे इंग्रजी वाक्य लिहावे आणि फर्स्ट, नेक्स्ट, आफ्टर दॅट, फायनली या शब्दांनी ती वाक्ये जोडावीत. लांब वाक्याचा मोह टाळावा.

दुसरे, प्रत्येकाने स्वतःची शब्दवही ठेवावी. तिच्यात शब्द, स्पेलिंग, हत्याराचे हाताने काढलेले चित्र आणि त्या शब्दाचे एक वाक्य असावे. रोज तीन शब्द पुरेत.

तिसरे, दर जर्नलात निदान एक वाक्य 'बिकॉज' वापरून लिहावे. 'माइल्ड स्टील वॉज यूज्ड बिकॉज इट इज इझी टू फाइल अँड वेल्ड.' कारण लिहिण्यासाठी विचार करावा लागतो, आणि विचार दुसऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाही. तसेच 'जॉब इज गुड' असे न लिहिता माप लिहावे. दोन तुकड्यांतील फट ०.३ मिलिमीटर राहिली असेल तर तसेच लिहावे.

चौथे शिक्षकांसाठी. वही लाल शाईने भरून टाकू नये. या आठवड्यात फक्त 'बाय' आणि 'विथ', पुढच्या आठवड्यात फक्त 'अ' आणि 'द' एवढेच तपासावे, आणि चुकलेली दोन वाक्ये विद्यार्थ्याकडून पुन्हा लिहून घ्यावीत. साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकालाही हे झेपते.

कोणी विचारील, इंग्रजीचा एवढा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात पदविकेसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. विषय समजण्यासाठी मातृभाषेसारखे साधन नाही. परंतु यंत्रांची माहितीपुस्तके, मानके आणि ड्रॉइंग बहुधा इंग्रजीतच हाती येतात. पाळी संपताना नोंदवहीत 'मशीन नॉट वर्किंग' एवढेच लिहिले, तर पुढच्या पाळीच्या माणसाला काय कळणार? मोटर दहा मिनिटांत बंद पडते, बेअरिंग तापते, गार्ड काढून ठेवला आहे, हे स्पष्ट लिहिले तर दुसऱ्याचे बोट वाचते. 'डू नॉट स्टार्ट' मधला 'नॉट' विसरला तर काय होईल, ते सांगायला नको.

शेवटी दोन विनंत्या. मंडळात निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर असे अनेक अनुभवी सभासद आहेत. आपण आठवड्यातून दोन तास अभ्यासिकेत बसावे. आपणास इंग्रजी येण्याची गरज नाही. मुलाला फक्त 'हे असे का केलेस?' एवढे विचारावे. उत्तर तो मराठीत देईल आणि मग इंग्रजीत लिहील. आणि विद्यार्थी मित्रहो, पुढचे जर्नल कोणाच्याही वहीत न पाहता लिहा. त्यात चुका होतील, पण त्या तुमच्या असतील आणि त्या दुरुस्त करता येतील. उसन्या वाक्याची चूक कधीच दुरुस्त होत नाही.