काचेच्या भिंतींचे राज्य



सर्वंकष सत्तेचे भयचित्र म्हटले की जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ सालची '१९८४' ही कादंबरी आठवते. परंतु तिच्या जवळजवळ तीन दशके आधी, १९२०-२१ मध्ये, येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने 'आम्ही' ही कादंबरी लिहिली होती. ऑर्वेल यांनी १९४६ साली तिचे परीक्षणही केले होते.

झाम्यातिन हे काही क्रांतीचे वैरी नव्हते. विद्यार्थिदशेत ते बोल्शेविक होते आणि त्यापायी त्यांनी झारशाहीचा तुरुंगवासही सोसला. व्यवसायाने ते जहाजबांधणीतील अभियंता. यंत्राला शिस्त कशी लागते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. तीच शिस्त माणसाला लावायची म्हटल्यास काय होईल, हे त्यांनी मांडले.

त्यांच्या 'एकराज्या'त कोणालाही नाव नाही, केवळ क्रमांक आहे. घरे काचेची, पडदा ओढायचा तर त्यासाठी परवाना हवा. उठणे, फिरणे, जेवणे सारे वेळापत्रकाबरहुकूम. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा! निवडणूकही होते, पण उघडपणे हात वर करून, आणि निकाल आधीच ठरलेला. तिचे नाव 'एकमत दिन'. ज्या वर्षी हजारो हात विरोधात उठतात, त्या वर्षीही मुखपत्र एकमताचीच ग्वाही देते.

कथा सांगणारा डी-५०३ हा अंतराळयानाचा निर्माता आणि या व्यवस्थेचा मनःपूर्वक भक्त आहे. त्याला कोणी जुलमाने राबवीत नाही. तो सुखी आहे. कादंबरीची खरी धार येथेच आहे. आय-३३० ही बंडखोर स्त्री त्याच्या आयुष्यात येते, तो स्वप्ने पाहू लागतो आणि वैद्य निदान करतात की त्याच्यात 'आत्मा' निर्माण झाला आहे. पुढे शासनाला या रोगाचे मूळ सापडते: कल्पनाशक्ती. मेंदूवर शस्त्रक्रिया करून ती काढून टाकण्याचे फर्मान निघते. शस्त्रक्रियेनंतर डी-५०३ आपल्या साऱ्या साथीदारांची माहिती स्वतः होऊन देतो. ज्या स्त्रीवर त्याने प्रेम केले, तिचा छळ तो समोर बसून शांतपणे पाहतो. ती मात्र अखेरपर्यंत तोंड उघडत नाही.

ऑर्वेल यांच्या नायकाला मोडण्यासाठी दीर्घ यातना द्याव्या लागतात. येथे एका शस्त्रक्रियेत काम भागते, आणि म्हणूनच हे चित्र अधिक थंड, अधिक भीषण वाटते.

सोव्हिएत शासनाने या पुस्तकाला प्रसिद्धीची अनुमती दिली नाही. इंग्रजी अनुवाद १९२४ मध्ये न्यूयॉर्कला निघाला. १९२७ साली प्राग येथील एका नियतकालिकात रशियन संहितेचे अंश आले आणि १९२९ मध्ये त्याच कारणावरून झाम्यातिन यांच्यावर संघटित हल्ला झाला. मायदेशात त्यांचे लेखन छापले जाईना, नाटकांचे प्रयोग थांबले. गंमत अशी की, या हल्ल्यात त्यांचे समव्यावसायिक लेखकच आघाडीवर होते! झाम्यातिन यांनी लेखक संघटनेचा राजीनामा दिला. १९३१ साली त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. मॅक्झिम गॉर्की यांच्या रदबदलीने ती मिळाली. १९३७ साली पॅरिसमध्ये, विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. 'आम्ही' त्यांच्या मायदेशात छापली गेली ती १९८८ साली.