प्रभूच्या आगमनाविषयी जागृती
(ज्युबिलीच्या पूर्वतयारीनिमित्त केलेले प्रवचन)



ज्युबिलीचा सण आला म्हणजे मन साहजिकच मागे वळते. या मंदिरासाठी पूर्वजांनी सोसलेल्या कष्टांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेची दृष्टी पुढेही लागलेली असते. प्रत्येक मिस्साबलिदानात प्रभूचे मरण व पुनरुत्थान घोषित करून आपण लागलीच त्याच्या पुनरागमनाची आशा उच्चारतो. मुखाने उच्चारलेली ही वाट आपण अंतःकरणाने पाहतो काय?

वाट पाहणे म्हणजे काय, हे नाशिककरांस सांगावयास नको. गुरू सिंह राशीस आला म्हणजे गोदातीरी सिंहस्थ भरतो. 2003 साली भरला, 2015 साली भरला. पर्वणीच्या तिथी अगोदर ठरत असल्याने घाट व रस्ते वेळेवर सिद्ध करता येतात. प्रभूच्या आगमनाची तिथी मात्र कोणत्याही पंचांगात नाही. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, असे प्रभूनेच सांगितले (मत्तय 24:36). तथापि अमुक साली जगाचा अंत होणार, अशी वार्ता मोबाइलवर फिरू लागली की काही भाविक भयभीत होतात, आणि तो दिवस टळला की पुन्हा निजतात. अशा भयाला जागृती म्हणता येत नाही. थेस्सलनीका येथील काही ख्रिस्ती जन कामधंदा सोडून बसले, तेव्हा संत पौलाने त्यांस स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खाण्याची आज्ञा केली.

निफाड-दिंडोरीच्या शिवारातील द्राक्षबागाईतदार पाहा. थंडीची लाट कोणत्या रात्री येईल, हे त्याच्या हाती नाही. गारठ्याने मणी तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवितो, वेलींना पाणी सोडतो. छाटणीपासून तोडणीपर्यंत एकही दिवस तो बाग विसरत नाही. त्याचे जागणे म्हणजे त्याचे कामच होय. प्रवासास निघालेल्या घरधन्यानेही प्रत्येक चाकरास त्याचे त्याचे काम नेमून दिले व द्वारपाळास जागे राहावयास सांगितले (मार्क 13:34). सांज, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ वा पहाट, धनी केव्हाही येवो, चाकर कामावर आढळावा.

दहा कुमारींच्या दृष्टांतात सर्वच कुमारींना झोप लागली. भेद होता तो तेलाचा, आणि ते तेल उसने मिळाले नाही. बंधूंनो, हाच आमचा ज्युबिलीचा विचार होय. पूर्वजांनी आपले दिवे आपल्या तेलाने तेवत ठेवले. त्यांनी बांधलेले मंदिर आपल्यास मिळाले. त्यांचे तेल आपल्यास मिळणार नाही. शेताच्या बांधावरून ज्या भावाशी अबोला धरला आहे, त्याच्याकडे आजच जावे. पुढील ईस्टरवर ढकललेले पापनिवेदन याच सप्तकात करावे. शेजारी एकटा पडलेला वृद्ध, मुलांसह व्हावयाची सायंप्रार्थना, मजुराची थकलेली मजुरी, ही आपली नेमून दिलेली कामे आहेत.

येणारा प्रभू चोरासारखा अकस्मात येईल खरा. परंतु जागा असलेल्या चाकरास तोच कंबर कसून पंगतीस वाढील, असे शुभवर्तमान सांगते (लूक 12:37). अशा धन्याची वाट भयाने का पाहावी? पहिल्या ख्रिस्ती लोकांसमवेत आपणही आनंदाने म्हणू या: मारानाथा, हे आमच्या प्रभो, ये. आमेन.