जहाज थांबतें तेवढा दिवस



यवतमाळ जिल्ह्याचा समुद्राशीं संबंध आला तो मुख्यतः कापसामुळें. येथला कापूस नॅरोगेजच्या लहान रुळांवरून मूर्तिजापूरला जावा, तेथें मोठ्या गाडींत चढावा, मुंबईच्या गोदींत उतरावा आणि आगबोटीनें विलायतेच्या गिरण्यांची वाट धरावी, असा तो क्रम होता. कापूस समुद्र ओलांडून जाई. पिकविणारा मात्र समुद्र न पाहतांच म्हातारा होई. ती ११३ किलोमीटरांच्या वाटेची ‘शकुंतला’ गाडी आतां धांवत नाहीं. उलट माणसांना समुद्राची वाट मोकळी झाली आहे. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें प्रवासी जहाज मुंबईहून सहलीसाठीं सुटूं लागलें, आणि गोवा, कोची, लक्षद्वीप हीं नांवें आपल्याकडील बैठकींतूनही ऐकूं येऊं लागलीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांना तर भूमध्य समुद्रांतल्या फेरीचें आमंत्रणही येतें.

जहाजावरील थाटमाटाविषयीं आज मला बोलावयाचें नाहीं. माझा विषय लहान आहे. जहाज सकाळीं एखाद्या बंदराला लागतें आणि संध्याकाळीं तेथून निघतें. मधला दिवस तुमचा असतो. तो दिवस जहाजकंपनीनें आंखून दिलेल्या सहलींत घालवावा, कीं आपला आपण आंखावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढें येतो. आपला आपण आंखावयाचा असेल, तर तो कसा आंखावा, एवढेंच मी सांगणार आहें.

प्रथम एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. बंदराचें नांव आणि गांवाचें नांव यांत अंतर असतें. हें आपल्याला नवें नाहीं. परगांवच्या पाहुण्याला आपण बजावतों, ‘मुंबईच्या गाडीनें आलांत तर धामणगांवला उतरा आणि पुढें मोटारीनें या.’ रेल्वेचें यवतमाळ म्हणून तो धामणगांवीं उतरतो, परंतु यवतमाळ तेथून सुमारें पंचेचाळीस किलोमीटर राहतें. बंदरांचेंही तसेंच आहे. जहाजाच्या पत्रकांत ‘गोवा’ असें छापलेलें असतें. जहाज लागतें तें मुरगांवला, वास्को शहराला लागून असलेल्या बंदरांत. पणजी तेथून सुमारें तीस किलोमीटर दूर. पत्रकांत ‘रोम’ असतें. बंदर असतें सिव्हितावेक्किया, आणि रोम तेथून सुमारें ऐंशी किलोमीटर. उलट पिरेयसला उतरलेला मनुष्य शहरी रेल्वेनें अर्ध्या तासाच्या आंत अथेन्सच्या मध्यभागीं पोंचतो. म्हणून पहिला प्रश्न ‘तेथें काय पाहण्यासारखें आहे?’ हा नव्हे. ‘आपण नक्की कोठें उतरणार आणि तेथून तें स्थळ किती दूर?’ हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या रोजच्या प्रवासांत वेळ चुकली तर फारसें बिघडत नाहीं. एस. टी. गेली तर मागून दुसरी येते. जहाजाचें तसें नाहीं. निघण्याच्या वेळेपूर्वीं, साधारणतः अर्धा ते एक तास आधीं, सर्वांनीं जहाजावर परतलें पाहिजे असा नियम असतो, आणि ती वेळ दिवसाच्या पत्रकांत छापलेली असते. त्यानंतर शिडी उचलली जाते. कंपनीच्या सहलीची मोटार वाटेंत अडकली तर जहाज सामान्यतः तिच्यासाठीं थांबतें; स्वतंत्रपणें गेलेल्या कुटुंबासाठीं थांबण्याचें बंधन त्याच्यावर नसतें. धक्क्यावर जहाज अधिक वेळ राहिलें तर त्याचें भाडें चढतें आणि पुढच्या बंदरांतली ठरलेली वेळ हुकते. चार माणसांकरितां हजारोंचा खोळंबा कोणी करणार नाहीं, आणि त्यांत अन्यायही नाहीं.

यावरून माझा मुख्य मुद्दा निघतो. बंदरावरचा दिवस सकाळपासून पुढें आंखूं नये. तो संध्याकाळपासून मागें आंखावा. सकाळपासून आंखणारा मनुष्य उत्साहांत असतो. हें पाहूं, मग तें पाहूं, वाटेंत समुद्रकिनाराही करूं, असें त्याचें चालतें. आणि साऱ्या दिवसाची ओढाताण परतीच्या तासावर येऊन पडते. संध्याकाळपासून मागें येणाऱ्याला परतीचा तास आधीं राखून ठेवावा लागतो. उरेल तेवढाच वेळ त्याला खर्चावयास मिळतो.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहूं. जहाज मुरगांवला लागलें आहे. पति, पत्नी, सत्तरीची आई आणि दहा वर्षांचा मुलगा असें कुटुंब आहे. त्यांना जुनें गोवें आणि मंगेशी पाहावयाची आहेत. परत चढण्याची शेवटची वेळ सायंकाळीं ५ ही धरूं. त्यांतून दीड तास राखीव काढा. या दीड तासाला कोणत्याही मोहानें हात लावावयाचा नाहीं. म्हणजे ३-३० ला बंदराच्या फाटकाशीं असलें पाहिजे. मंगेशीहून फाटकापर्यंतच्या वाटेला, गर्दी धरून, दीड तास द्या. म्हणजे २ वाजतां मंगेशी सोडली पाहिजे. तेथें दर्शन, जेवण आणि आईची थोडी विश्रांति यांना दीड तास. म्हणजे १२-३० ला तेथें पोंचलें पाहिजे. जुन्या गोव्याहून मंगेशीला अर्धा तास. जुन्या गोव्यांत एक तास. आणि बंदराहून जुन्या गोव्याला सव्वा तास. हिशेब मागें मागें येत सकाळीं ९-४५ वर येऊन थांबतो. ९-४५ ला मोटार फाटकाबाहेर निघाली तर दिवस बसला. आतां पत्रकांत पाहा. उतरण्याची मुभा ९-३० ला असेल तर ठीक. ती ११ वाजतां असेल, तर दोहोंपैकीं एक स्थळ तेथल्या तेथें सोडून द्यावें. मोटार वेगानें हांकण्याची आशा धरूं नये.

या हिशेबांत पणजी नाहीं आणि समुद्रकिनाराही नाहीं. मुलगा किनाऱ्यासाठीं हट्ट धरील. त्याला आदल्या दिवशींच सांगावें कीं, समुद्र आपल्याला जहाजावरून रोज दिसणार आहे.

ही वाट मीं मुद्दाम निवडली आहे. वास्कोहून निघालेली मोटार कुठ्ठाळीशीं झुआरी नदीवरच्या नव्या पुलावर चढते. या पुलाचा पहिला भाग २०२२ च्या डिसेंबराच्या अखेरीस खुला झाला. तें कुठ्ठाळी गांव म्हणजेच जुनें कुशस्थळी, मंगेशाचें मूळ स्थान. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलांत देवळें मोडूं लागलीं तेव्हां भक्तांनीं देव उचलला आणि नदीपलीकडे, त्या वेळीं त्या राज्याबाहेर असलेल्या प्रियोळ गांवीं नेला. आजचें मंगेशी तें हेंच. मध्यें जुन्या गोव्यांत बॉम जेझूचें देऊळ लागतें; १६०५ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली आणि संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तेथें आहेत. देव ज्या गांवाहून निघाला तें गांव, ज्यांच्या अमलामुळें निघाला त्यांची राजधानी, आणि जेथें जाऊन राहिला तें ठिकाण, अशीं तिन्ही एका दिवसांत एकाच ओळींत येतात. आईला देवदर्शन घडतें आणि मुलाला इतिहास मोटारींतून पाहावयास मिळतो. पांच स्थळें धांवत पाहण्यापेक्षां एकमेकांचा अर्थ सांगणारीं दोन स्थळें पाहावीं, असें मी म्हणतों तें एवढ्यासाठीं.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. मुरगांव हें मालाचें बंदर आहे. तेथें कोळशाची व खनिजाची ने-आण चालते. धक्क्यापासून फाटकापर्यंत पायीं जाऊं देतीलच असें नाहीं. जहाजाची मोटारगाडी तेथपर्यंत नेईल तिची वाट पाहावी लागते, आणि तो वेळही हिशेबांत धरावा. फाटकाबाहेर टॅक्सी मिळते. बसण्यापूर्वीं संपूर्ण दिवसाचें भाडें, थांबण्याचा वेळ आणि परत आणून सोडण्याचें ठिकाण, या तिन्ही गोष्टी बोलून कागदावर लिहून घ्याव्या, आणि भाड्याचा मोठा भाग परत आल्यावर द्यावा. थोडक्या खर्चांत जाणाऱ्यांना वास्कोहून पणजीला कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत. परंतु त्या दिवशीं एकच शहर पाहण्याचें ठरवावें.

बरोबर घ्यावयाच्या वस्तु थोड्या आहेत: जहाजाचें ओळखपत्र, छायाचित्र असलेलें सरकारी ओळखपत्र, रोख पैसे, पाणी, आणि आईचीं त्या दिवसाचीं व आणखी एका दिवसाचीं औषधें. दिवसाच्या पत्रकावर बंदरांतील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनिक्रमांक असतो. तो प्रत्येकानें कागदावर लिहून खिशांत ठेवावा. परदेशांत आणखी एक दक्षता लागते. जहाजावरचें घड्याळ आणि किनाऱ्यावरचें घड्याळ यांत कधीं कधीं एका तासाचा फरक असतो, आणि खिशांतला दूरध्वनि किनाऱ्याची वेळ आपोआप दाखवूं लागतो. म्हणून जहाजाच्या वेळेला लावलेलें साधें मनगटी घड्याळ हातांत असावें.

उशीर होणार असें दिसूं लागलें तर काय करावें? जहाज सुटल्यावर नव्हे, तर सुटण्यापूर्वीं प्रतिनिधीला कळवावें. तरीही जहाज गेलेंच तर पुढचा खर्च आपला. येथें निघण्यापूर्वींच एक विचार करून ठेवावा: जहाज येथून पुढें कोठें जाणार आहे? मुरगांवहून तें मुंबईला परतणार असेल, तर मडगांवहून कोंकण रेल्वेनें आपणही मुंबईला पोंचूं शकतों. मनस्ताप होईल, पण संकट येणार नाहीं. तेंच तें लक्षद्वीपाकडे जाणार असेल, तर त्याला गांठणें जवळजवळ अशक्य, कारण त्या बेटांवर जाण्यासाठीं स्वतंत्र परवाना लागतो. पुढचें बंदर जितकें अवघड, तितका राखीव वेळ अधिक ठेवावा. लक्षद्वीपासारख्या ठिकाणीं तर मोठें जहाज खोल पाण्यांत उभें राहतें आणि लहान होड्यांतून माणसें किनाऱ्याला नेतात. समुद्र खवळला तर उतरणेंच रद्द होतें. तशा ठिकाणीं कोणताही बेत करतांना मनाची तयारी ठेवावी.

मग कंपनीची सहल घेऊंच नये काय? असें माझें म्हणणें नाहीं. स्थळ फार दूर असेल, भाषा अपरिचित असेल, बरोबरचें माणूस आजारी असेल, तर ती अवश्य घ्यावी. तेथें आपण पैसे देतों ते निश्चिंततेसाठीं. परंतु गोव्यांत मराठी चालते, नाणें आपलें आहे आणि देवळें आपल्या ओळखीचीं आहेत. तेथेंही चाळीस माणसांच्या मागून निशाण पाहत चालावें, आणि आईनें गाभाऱ्यासमोर डोळे मिटले न मिटले तोंच ‘चला, चला’ असा पुकारा ऐकावा, याला कारण नाहीं. स्वतंत्र दिवसाची खरी मिळकत पैशांची बचत ही नव्हे. म्हाताऱ्या माणसाला देवापुढें हवें तितकें बसूं देतां येतें, ही ती मिळकत.

म्हणूनच शेवटची सूचना घरांतल्या माणसांविषयीं आहे. बेत ठरवितांना आईला विचारलें तर ती म्हणेल, ‘तुमचं ठरेल तसं.’ तेवढ्यावर थांबूं नये. तिला पुन्हां विचारावें, नकाशा दाखवावा, किती पायऱ्या आणि किती चालणें हें सांगावें. मोटारींत बसण्यापेक्षां जहाजावरच दुपार घालवावी असें तिला वाटत असेल, तर तेंही खुशीनें मान्य करावें. प्रत्येकानें आपली एकच इच्छा सांगावी आणि त्यांतून एक अथवा दोन निवडाव्या. एका दिवसांत सर्वांची सारी हौस पुरवूं पाहणारा कोणाचीच धड पुरवीत नाहीं.

साडेतीनला फाटकाशीं पोंचलेल्या कुटुंबाजवळ दीड तास शिल्लक असतो. तो वायां गेला असें मानूं नये. फाटकाबाहेर सांवलीला बसून शहाळें प्यावें, आईनें आणलेला प्रसाद वाटावा, आणि मग सावकाश शिडी चढावी. जहाजाचा भोंगा वाजेल तेव्हां आपण कठड्याशीं उभे असावें. तो धक्क्यावरून ऐकण्याची पाळी आपणांपैकीं कोणावरही न येवो, एवढी इच्छा करून मी आपली रजा घेतों.