डाव्या बरगडीखाली: प्लीहा आणि पांढऱ्या पेशी



१८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्याकाठची गावं तापानं बेजार झाली होती. तापाचं मूळ कालव्यात आहे की काय, हे तपासायला सरकारनं समिती नेमली. तिच्यात टी. ई. डेम्प्स्टर नावाचे डॉक्टर होते. ताप आज असतो, उद्या उतरतो. मग गावाचा आजार मोजायचा कशानं? डेम्प्स्टरांनी गावकऱ्यांच्या पोटावर हात ठेवून डाव्या बरगडीखाली प्लीहा लागते का, ते पाहिलं. शंभरांत कितीजणांची लागते, हेच त्यांचं माप. मलेरियाचा परोपजीवी लाव्हेराननं ओळखला १८८० मध्ये, डासाचा त्यातला हात रोनाल्ड रॉसनं दाखवला १८९७ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं गावाचं दुखणं प्लीहेवरून कळत होतं.

प्लीहा म्हणजे आपल्या जुन्या माणसांची पानथरी. निरोगी मोठ्या माणसात तिचं वजन सुमारे १५० ग्रॅम. नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती असते आणि सहसा हाताला लागत नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण विसावा भाग मात्र या एवढ्याशा अवयवातून जातो. तिथे त्याची कसून तपासणी होते.

प्लीहेच्या तांबड्या भागातल्या फटी जेमतेम एक-दोन मायक्रॉन रुंद असतात. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तरुण, लवचीक पेशी अंग आक्रसून या चाळणीतून पार होते. सुमारे १२० दिवस जगून ताठर झालेली पेशी अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. तिच्यातलं लोह मात्र पुन्हा वापरात येतं. मलेरियाचा परोपजीवी पोटात घेतलेल्या पेशीही इथेच अडकतात. वारंवार ताप येणाऱ्या मुलाची प्लीहा फुगते ती या वाढलेल्या कामामुळे.

दुसरा भाग पांढरा. तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरलेला असतो. रक्तातून आलेला जंतू इथे ओळखला जातो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. न्यूमोकॉकससारख्या काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत आवरण असतं. प्रतिपिंडं चिकटल्याशिवाय भक्षक पेशींना ते नीट पकडता येत नाहीत. अशा जंतूंशी लढताना प्लीहेची उणीव सर्वांत जास्त जाणवते.

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, ही कल्पना शास्त्रज्ञ मेचनिकॉफला सुचली ती १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेस्सिना गावी. त्यानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत मिळालं.

आज रक्ताच्या रिपोर्टवर या पेशींचा आकडा असतो. मोठ्या माणसात एका मायक्रोलिटरमागे साधारण चार ते अकरा हजार. जंतुसंसर्गात तो वाढतो, विषमज्वरात किंवा डेंग्यूत बरेचदा घटतो. कधी तो लाखावर जातो आणि प्लीहा बेंबीच्याही खाली उतरते. १८४५ मध्ये एडिंबरोत बेनेट आणि बर्लिनमध्ये फिरशॉ यांनी असे रुग्ण नोंदवले, आणि फिरशॉनं पुढे या रोगाला ल्युकेमिया हे नाव दिलं. त्यातल्या एका प्रकारावर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली. भारतात तिच्या एका रूपाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे स्वस्त गोळीचा मार्ग खुला राहिला.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात प्लीहेचा प्रश्न येतो तो सिकलसेल या आजाराच्या वाटेनं. विळ्याच्या आकाराच्या ताठर तांबड्या पेशी प्लीहेत अडकतात. लहान बाळात कधी काही तासांत एवढं रक्त तिथे साठतं, की बाळ पांढरंफटक पडतं आणि जिवावर बेततं. जमैकात ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूनं आयांनाच शिकवलं: बाळाला उताणं झोपवायचं, डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच चाचपायचं, रोजचा आकार लक्षात ठेवायचा, तो वाढला, बाळ मलूल दिसलं, की थेट दवाखाना. अशा प्रसंगांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ एक दशांशावर आलं. यंत्र नको, वीज नको. गडचिरोलीतल्या आईलाही हे शिकवता येईल, आणि ते शिकवायलाच हवं.

आणि प्लीहा काढावीच लागली तर? ती नसली तरी माणूस जगतो, म्हणून पूर्वी शल्यचिकित्सक ती निर्धास्तपणे काढत. १९५२ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या किंग आणि शूमेकर यांनी तान्हेपणी प्लीहा काढलेल्या पाच बाळांची हकिगत छापली. त्यांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. तेव्हापासून धोरण पालटलं. अपघातात प्लीहा फाटली तरी रुग्ण स्थिर असेल, तर आज शक्यतो ती वाचवतात.

प्लीहा काढलेल्यांत अशा संसर्गाचं प्रमाण कमी, पण तो झाला तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात, तेही एक-दोन दिवसांत. म्हणून शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर निदान दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांच्या लसी घ्याव्यात. तातडीची असेल, तर नंतर. लहान मुलांना डॉक्टर रोज पेनिसिलिनही देतात. कुत्रा चावला, तर रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकाचंही विचारावं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्या माणसाला घातक ठरतो. हुडहुडी भरून ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावं आणि नाव-गाव सांगण्याआधी सांगावं, की माझी प्लीहा काढलेली आहे.