गुण देण्यापूर्वी : होणाऱ्या शिक्षकांच्या तयारीविषयी

(श्रींच्या वार्षिक महोत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या महोत्सवात या मंडपात बोलण्याचा मान कीर्तनकारांचा आणि प्रवचनकारांचा. अध्यापक विद्यालयात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला येथे उभे करून समितीने थोडे धाडसच केले आहे. विषय मात्र या जागेला परका नाही. मुक्तीपूर्वी गोव्यात मराठीचे शिक्षण टिकले ते बव्हंशी देवळांच्या मंडपांतून, अग्रशाळांतून आणि घरांच्या ओसऱ्यांवरून. शेणवीमामा धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत. पुढे १९११ साली फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले आणि डॉ. दादा वैद्य यांच्यासारख्यांनी त्या ओसरीवरच्या शाळेला संस्थेचे रूप दिले. या परंपरेचा आपणांस अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. परंतु त्या जुन्या शाळांच्या पटावर कोणाची नावे नव्हती, हेही याच मंडपात आठवले पाहिजे. ज्या मुलांना मंडपाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, ती अक्षरांपासूनही दूर राहिली. ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द आज आपणांस नवा वाटतो. ज्याची उणीव तो भरून काढू पाहतो, ती मात्र फार जुनी आहे.

१९६१ च्या मुक्तीनंतर चित्र पालटले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती त्यांची मुले वर्गात येऊन बसली. आज त्याच शाळांत जाऊन पाहिले तर बाकांवर कोण दिसते? महाजनांची नातवंडे तेथे क्वचितच असतात. हे मी कोणास दोष देण्यासाठी म्हणत नाही. माझीही नातवंडे इंग्रजी शाळेतच जातात. अनेक शाळांचा पट आज टिकून आहे तो कर्नाटकातून बांधकामावर, बाजारात, मच्छीमारीच्या धक्क्यांवर कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांमुळे. घरी कानडी किंवा लमाणी, गल्लीत हिंदी, मित्रांशी कोकणी आणि पुस्तकात मराठी, अशा चार पाण्यांतून ते मूल रोज पोहत शाळेत येते.

सराव पाठाचा एक प्रसंग सांगतो. अशाच एका शाळेत आमची एक छात्राध्यापिका दुसरीच्या वर्गावर पाठ घेत होती. पाठ टाचण सुरेख, फलकलेखन मोत्यासारखे. तिने अंकलेखन घातले : ‘बावन्न’. पहिल्या बाकावरच्या मुलीने पाटीवर लिहिले २५. छात्राध्यापिकेने फुली मारली व ती पुढे गेली. पाठ संपल्यावर मी तिला विचारले, “त्या मुलीने पंचवीसच का लिहिले? पंधरा किंवा नव्वद का नाही?” ती म्हणाली, “सर, तिचे लक्षच नव्हते.”

लक्ष होते, बंधुभगिनींनो. किंबहुना जरा जास्तच होते. कानडीत बावन्नाला ‘ऐवत्तेरडु’ म्हणतात. आधी पन्नास आणि मग दोन. जे आधी ऐकू येते ते आधी लिहायचे, हा त्या मुलीचा घरचा अनुभव. मराठी संख्यानामात दोन आधी बोलले जातात आणि पन्नास मागून येतात. तिने ‘बा’ हा दोनाचा आवाज ओळखला आणि दोन आधी लिहिले. ‘एकोणतीस’ ऐकून ३१ लिहिणारे मूल असेच असते. ‘एक’ आणि ‘तीस’ ही दोन्ही अक्षरे त्याने नीट ऐकलेली असतात. एक उणा करायचा, हे त्याला कोणी उलगडून सांगितलेले नसते. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात अशा संख्यांचे ‘पन्नास दोन’ या धर्तीचे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला ते आपणांस स्मरत असेल. डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू शांतपणे मांडली होती. ती पद्धत स्वीकारावी की नाही यावर मतभेद होऊ शकतो. मला स्वतःला ‘बावन्न’ हा शब्द गमवायचा नाही. पण ज्या अडचणीतून ती सूचना आली ती अडचण खरी आहे, आणि विनोद करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती वर्गात पाहिलेली नव्हती.

माझे आजचे सारे म्हणणे त्या फुलीपाशी येऊन थांबते. आम्ही होणाऱ्या शिक्षकांना उत्तर तपासायला शिकवितो. चूक वाचायला शिकवीत नाही. बावन्नातून सत्तावीस वजा करा, असे सांगितले. एका मुलाने उत्तर लिहिले २४, दुसऱ्याने ३५. दोघांनाही शून्य. वस्तुतः पहिल्याला हातचा कळलेला आहे, तो एकाने मोजण्यात चुकला, उद्या सुधारेल. दुसरा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याने एक नियमच मनात बांधला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. त्याला आणखी शंभर उदाहरणे घातली तर तो शंभर वेळा तेच करील. एकाच शून्याखाली दोन निराळी मुले झाकली गेली.

आता धोरणाकडे वळतो. आपल्या देवस्थानच्या कोंप्रोमिसात नित्य सेवा लिहून ठेवलेल्या असतात. परंतु पहाटे गर्भगृहाचे दार उघडणारा हात असला तरच ती सेवा घडते. शिक्षण-धोरणाचेही तसेच आहे. आमचे छात्राध्यापक मुदलियार आयोगापासून १९६४-६६ चा कोठारी आयोग, १९८६ चे धोरण, २००९ चा शिक्षण हक्क कायदा ते २०२० चे राष्ट्रीय धोरण अशी सनावळी पाठ करतात आणि परीक्षेत टीपा लिहितात. पण जून महिन्यात एक बाई मुलाचा हात धरून दारात उभी राहिली, तिच्याजवळ जन्माचा दाखला नाही, मागच्या शाळेचा दाखलाही नाही. तर काय कराल, असे विचारले की सनावळी उपयोगी पडत नाही. कायदा म्हणतो, वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी त्याला विशेष शिक्षण द्यायचे. हे कलम त्या दारातल्या बाईला ठाऊक नसते. ते शिक्षकालाही ठाऊक नसेल तर मूल परत जाते आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

दिव्यांगांविषयीही हेच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत अध्ययन-अक्षमतेचाही समावेश झाला. ही अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, परीक्षेत अधिक वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देता यावी, अशा तरतुदी झाल्या. उत्तम झाले. पण हे मूल ओळखायचे कोणी? डॉक्टर व मानसतज्ज्ञ नंतर येतात. प्रथम त्याच्या वहीसमोर बसतो तो वर्गशिक्षक.

येथे मला माझ्याविषयी बोलणे भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी प्राथमिक शाळेवर होतो. माझ्या चौथीत एक मुलगा होता. तोंडी विचाराल ते सांगे. ओहोळाला पाणी कधी चढते, कोणत्या झाडाला कोणती कीड लागते, शिवाजी महाराज आग्र्याहून कसे निसटले, सारे. लिहायला बसला की ‘म’ आणि ‘भ’ यांत घोटाळा, काना एकीकडे, वेलांटी भलतीकडे, ओळीतले शब्द गळलेले. मी त्याच्या वहीवर तांबड्या शाईने ‘निष्काळजी’ असा शेरा लिहीत असे. एकदा नव्हे, वर्षभर. दोनदा त्याला त्याच इयत्तेत ठेवले. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. त्याच्या वडिलांना मी बोलावून घेतले तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, तुम्हीच लिहिलेत ना, त्याच्याने होत नाही म्हणून?” तसे मी लिहिले नव्हते, पण त्या शेऱ्यांचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. अध्ययन-अक्षमता हा शब्द मी त्यानंतर कित्येक वर्षांनी वाचला. माझ्याजवळ शिक्षकाची पदविका होती आणि तीत मला पहिला वर्ग होता.

म्हणून मुलांना नापास करावे की करू नये हा वाद जेव्हा पेटतो, तेव्हा मी त्यात फारसा रमत नाही. २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत मूल मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवायचे की नाही हे सरकारांवर सोपविले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या नियमांत दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा व त्यानंतरही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवणे, अशी तरतूद केली. लोक भांडतात ते एवढ्यावरच. त्याच नियमांत पुढे लिहिले आहे की मागे राहिलेल्या मुलाच्या अध्ययनातील उणिवा वर्गशिक्षकाने शोधाव्यात आणि मुलाला व पालकांना मार्गदर्शन करावे. त्या ओळीविषयी कोणी बोलत नाही. उणीव शोधणे ही कला आहे आणि ती शिकवावी लागते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे काय झाले ते आपण पाहिलेच. कल्पना चांगली होती; शिक्षकांच्या हाती तिचे तक्ते झाले. ‘प्रगती समाधानकारक’, ‘सहभाग चांगला’ अशा नोंदी एका रात्रीत चाळीस मुलांच्या नावापुढे भरल्या जाऊ लागल्या. २०२० च्या धोरणात सर्वांगीण प्रगतिपत्रक आले आहे, त्यात मुलाने स्वतः व त्याच्या सोबत्यांनीही नोंद करायची आहे. ते पत्रक पाहून मला आनंद झाला, आणि लगेच ती रात्रही आठवली.

शिक्षक-प्रशिक्षणाचा काळ वाढला आहे, हे खरे. २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी वीस आठवडे मिळाले, समावेशक शाळा व अध्ययनासाठी मूल्यमापन हे विषय अभ्यासक्रमात आले. आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आला आहे. परंतु त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापक काय करतो? पाठांची संख्या पुरी करतो, तक्ते रंगवितो, वह्यांवर सह्या गोळा करतो. आम्ही निरीक्षकही वर्गाच्या मागे बसून फळ्याकडे पाहतो. मुलांच्या वहीत डोकावत नाही. माझी सूचना साधी होती. प्रत्येक छात्राध्यापकाने पाठांची संख्या निम्मी करावी आणि तीन मुले निवडावीत : एक ज्याच्या घरची भाषा निराळी आहे, एक जे सतत मागे पडते, आणि एक जे कधीच काही बोलत नाही. वीस आठवडे त्या तिघांच्या वह्या वाचाव्यात, त्यांच्याशी बोलावे, चूक कोठून येते ते लिहावे, उपाय करून पाहावा आणि न जमल्यास तेही लिहावे. ही सूचना मी ज्या संस्थेत होतो तेथे दोन वर्षे चालली. मग तपासणीस आलेल्यांनी पाठांची संख्या कमी भरते असा शेरा मारला आणि ती बंद झाली. त्या दोन वर्षांतल्या काही वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. एका छात्राध्यापकाने शेवटच्या पानावर लिहिले होते की मूल सुधारले की नाही हे मला सांगता येत नाही, पण आता ते मला स्वतःहून पाटी दाखवायला आणते.

शेवटी महाजनांकडे दोन मागण्या. अग्रशाळेच्या मागील बाजूच्या दोन खोल्या वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात. जवळच्या प्राथमिक शाळेतील मुलांसाठी संध्याकाळी दीड तास त्या उघडाव्यात आणि तेथे अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापकांना येऊ द्यावे. मुले कोणाची, कोठली, हे विचारू नये. दुसरी मागणी आपल्या गुणगौरव समारंभाविषयी. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या अव्वल मुलांना पारितोषिके देतो. ती अवश्य द्यावीत. त्यांसोबत गावातील ज्या प्राथमिक शिक्षकाने वा शिक्षिकेने एका मागे पडलेल्या मुलाची वही वर्षभर वाचली, तिलाही श्रीफळ व शाल देण्याची प्रथा सुरू करावी. निवड कशी करायची हे मी समितीला लेखी कळविले आहे. त्यात गुणांचा तक्ता ठेवलेला नाही.

आरतीची वेळ झाली आहे.