दट्ट्या, छर्रा आणि नेम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



जत्रेत, उरुसात किंवा चौपाटीवर फुगे फोडायचा स्टॉल पाहिला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. मागे फळीवर रंगीबेरंगी फुगे, पुढे टेबल आणि टेबलावर दोन-तीन बंदुका. पैसे दिले की स्टॉलवाला बंदूक मधून मोडल्यासारखी वाकवतो, नळीच्या तोंडाशी शिशाचा बारीक छर्रा बसवतो, ती पुन्हा सरळ करतो आणि आपल्या हाती देतो. फुगा फुटला तर कौतुक, नाही फुटला तर ‘बंदूकच वाकडी आहे हो’ असं म्हणून आपण भेळेच्या गाडीकडे वळतो. खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती वाकडी असतेही! दिवसभर वाकवून वाकवून तिचा सांधा ढिला झालेला असतो, पुढची माशी हललेली असते, स्प्रिंग थकलेली असते. पण दोष तेवढाच नसतो. आपण काय करतो, तर दोन्ही कोपर टेबलावर रोवतो, बंदूक घट्ट आवळून धरतो आणि श्वास कोंडून चाप खेचतो. या जातीच्या बंदुकीला नेमकं तेच सहन होत नाही.

आज बोलायचं आहे ते या स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल. नेमबाजी म्हटलं की आपल्याला २००८ सालचं बीजिंग आणि अभिनव बिंद्राचं सुवर्णपदक आठवतं. आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत अशी नावं ओठावर येतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. पण या स्पर्धांमधल्या आजच्या एअर रायफली स्प्रिंगवर चालत नाहीत. त्यांच्या नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी असते, आणि त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. स्प्रिंगची साधी देशी बंदूक काही हजारांत येते. टाकी भरायला पंप नको, सिलिंडर नको. नळी वाकवली की झालं. म्हणूनच तालुक्याच्या गावातल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा येते ती हीच.

तिच्या पोटात काय आहे ते बघू. नळीच्या मागे एक दंडगोल असतो, त्यात एक दट्ट्या आणि दट्ट्यामागे जाड स्प्रिंग. नळी वाकवताना आपण खरं तर ती स्प्रिंग दाबून दट्ट्या मागे अडकवत असतो. चाप ओढला की दट्ट्या सुटतो आणि पुढची हवा झपकन दाबतो. ती हवा एका बारीक भोकातून नळीत शिरते आणि छर्ऱ्याला ढकलते. सायकलच्या पंपाचंच तत्त्व, फक्त विलक्षण वेगानं. म्हणजे बंदुकीत आधी साठवलेली हवा नसतेच. दाब तयार होतो तो चाप ओढल्यानंतर.

आता यातली गंमत ऐका. जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. दट्ट्या टोकाशी पोचतो तेव्हा दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटून थबकतो, आणि बंदूक पुढे ढकलली जाते. आधी मागे, मग पुढे, असे दोन हिसके. आणि हे चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो! चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यात बंदूक हलायला सुरुवात झालेली असते. म्हणून ती प्रत्येक वेळी सारखीच हलायला हवी. घट्ट आवळली तर ती एका दिशेला उसळते, सैल धरली तर दुसऱ्या. विटेवर किंवा टेबलाच्या कडेवर टेकवली तर त्यावरून उडते आणि छर्रा भलतीकडे जातो. जाणकार सांगतात की डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, त्यावर बंदूक नुसती विसावू द्या आणि तिला हवं तसं सरकू द्या. तळवा मात्र दर वेळी त्याच जागी हवा.

या दुहेरी हिसक्याचा त्रास दुर्बिणींनाही होतो. मोठ्या रायफलीचा धक्का मागे बसतो, त्या हिशेबानं बनवलेली दुर्बीण स्प्रिंगच्या बंदुकीवर बसवली तर पुढच्या हिसक्यानं तिची भिंगं निखळू शकतात. आणखी एक गोष्ट. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो. मुलांना हा ‘ठक’ आवाज फार आवडतो, आणि बंदुका बिघडतात त्या यानंच.

या बंदुकीचा इतिहासही मोठा मजेशीर आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी शेतकऱ्यांसाठी हवेची एक बंदूक काढली. पवनचक्क्या मागे पडल्या, बंदूक खपली, आणि १८९५ साली कंपनीनं बंदुकीचंच नाव घेतलं : डेझी. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांच्या आराखड्यावरून १९०५ च्या सुमारास बी.एस.ए. कंपनीनं एअर रायफली काढल्या. त्या भागातल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये तेव्हा एक खेळ रंगत असे. लोखंडी पत्र्याला जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचं भोक, त्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजायची. गिरणी-कारखान्यांतून दमून आलेले कामगार सहा-सात यार्डांवरून हा नेम धरायचे, संघ करून एकमेकांशी सामने खेळायचे. मला या खेळाचं फार अप्रूप वाटतं. पंच नको, फूटपट्टी नको. घंटेचा निकाल सगळ्यांना एकाच वेळी कळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारागिरांनी या हिसक्यांचाच पिच्छा पुरवला. ओबर्नडॉर्फ गावच्या फाइनवेर्कबाउ कंपनीनं अशी रचना केली की चाप ओढला की नळीसकट सगळी यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवर किंचित मागे सरकते. खांद्याला धक्का म्हणून लागतच नाही. डायना कंपनीनं दुसरा रस्ता धरला. त्यांनी एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे बसवले, म्हणजे एकाचा हिसका दुसऱ्यानं खोडून काढायचा. यातलं कोणतं सरस यावर शौकीन मंडळी आजही तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर रुळांची युक्ती जास्त साधी आणि म्हणून जास्त सुंदर. एअर रायफल १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिकमध्ये आली आणि एअर पिस्तूल १९८८ साली सोलला. पण तोवर स्प्रिंगची सद्दी संपत आली होती. आधी एका झटक्यात हवा भरून घेणाऱ्या आणि मग टाकीच्या बंदुका आल्या, आणि स्पर्धेच्या मैदानातून स्प्रिंग बाहेर पडली. फील्ड टार्गेट नावाचा एक प्रकार आहे, त्यात मोकळ्या रानात ५५ यार्डांपर्यंतच्या पत्र्याच्या आकृत्या पाडायच्या असतात. त्याच्या जागतिक स्पर्धेत मात्र स्प्रिंगवाल्यांचा वेगळा गट अजून मानानं टिकून आहे.

पिस्तुलाचं थोडं वेगळं. स्प्रिंगचं पिस्तूल बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं १९२४ साली बाजारात आणलं. लांबी वाचवण्यासाठी त्यांनी नळी दंडगोलाच्या डोक्यावर ठेवली, आणि तीच उचलून स्प्रिंग दाबायची. हे पिस्तूल चालवणं रायफलीपेक्षा अवघड. का, ते साध्या त्रैराशिकानं कळतं. रायफलीवर मागची खाच आणि पुढची माशी यांत समजा अर्धा मीटर अंतर आहे. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर छर्रा २० मिलिमीटर चुकतो. पिस्तुलावर हेच अंतर पाव मीटर धरा. चूक होते ४० मिलिमीटर. त्यात ते एका हातानं, हात लांब करून धरायचं. म्हणून पिस्तुलाच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि रायफलीच्या कागदावर ते फक्त अर्ध्या मिलिमीटरचं. अर्धा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीनं टेकवलेला ठिपका. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, म्हणजे चाळीसच्या चाळीस छर्रे त्या ठिपक्याला शिवले, हे ऐकलं की त्याचं मोल कळतं.

आपल्याकडे नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा हा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याचा रस्ता म्हणून नेमबाजांच्या पिढ्यांना ठाऊक आहे.

आता जरा कटू बोलतो. ही बंदूक घरात येते तेव्हा घराभोवतीच्या पक्ष्यांवर संकट येतं. सलीम अलींची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबईत, लहानपणी, खेळण्यातल्या एअरगननं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, असं विचारत ते मामांच्या, अमीरुद्दीन तय्यबजींच्या, शिफारशीनं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोचले. तिथले मिलार्डसाहेब त्या पोराशी प्रेमानं बोलले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांनी कपाटं उघडून दाखवला, आणि भारताला एक पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. ही गोष्ट सांगून ‘पोरं मारणारच एखादी चिमणी’ असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. माझं त्यांना एवढंच म्हणणं असतं की त्या गोष्टीतून बंदूक उचलू नका, मिलार्डसाहेब उचला. ती गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून रानातला, अंगणातला पक्षी मारणं हा गुन्हा आहे, मग बंदूक कितीही छोटी असो.

बंदुकीलाही कायदा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० ज्यूलहून अधिक ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे, असा मात्र अर्थ नाही. स्पर्धेतल्या एअर रायफलीच्या छर्ऱ्यात सात-आठ ज्यूल ऊर्जा असते, आणि डोळा कायमचा जायला त्याहून कितीतरी कमी पुरते. छर्रा भिंतीवरून, दगडावरून, लोखंडी दारावरून उलटून येतो. गोल पोलादी छर्रे तर हटकून येतात. म्हणून मारणाऱ्याच्याही आणि बघणाऱ्याच्याही डोळ्यांवर चष्मा हवा. लक्ष्यामागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठासून भरलेलं जाड लाकडी खोकं हवं. छर्रा बसवताना एका हातानं नळी धरून ठेवायची, कारण अडकण सुटली तर नळी फटकन वर येते आणि बोटं सापडतात. छर्रे शिशाचे असतात; खेळ संपला की हात साबणानं धुवा, छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर ती आजच मोडा.

‘मुलगा हट्ट धरून बसलाय, घेऊन देऊ का?’ असं आईवडील विचारतात. माझं उत्तर जागेवर अवलंबून असतं. मागे पक्की भिंत असलेलं दहा-बारा मीटरचं बंदिस्त अंगण आहे, आणि दर वेळी शेजारी उभा राहणारा मोठा माणूस आहे, तर जरूर घ्या. बंदूक कुलपात आणि किल्ली तुमच्या खिशात. इमारतीतली गॅलरी, गच्ची, चाळीचा बोळ असेल तर नको. तेच पैसे जिल्ह्याच्या रेंजवरच्या शिकवणीला द्या. मुलगी मागत असेल तरी उत्तर हेच. वर जी नावं घेतली त्यातली बहुतेक कुणाची आहेत ते बघाच. आणि ‘पुढे टाकीची रायफलच वापरायची आहे, मग स्प्रिंगवर वेळ का घालवायचा’ असं म्हणणाऱ्या प्रशिक्षकांशी माझं जमत नाही. चाप ओढल्यावरही नजर माशीवरून हलवायची नाही, ही नेमबाजीतली सगळ्यात कठीण सवय. टाकीची रायफल इतकी शांत असते की ही सवय नसली तरी बरेच दिवस ते लपून जातं. स्प्रिंगची बंदूक पहिल्याच दिवशी चुगली करते. फुगा फुटला का ते बघायला डोकं वर उचललंत की छर्रा गेलाच वर.

सुरुवात करणाऱ्यांना एक साधी रीत सांगतो. पहिला महिनाभर वर्तुळं छापलेला कागद वापरू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मधोमध एक काळा ठिपका काढा, दहा मीटरवर लावा आणि एकाच नेमानं दहा छर्रे मारा. ते ठिपक्याला लागले की नाही हे बघू नका, एकमेकांच्या किती जवळ पडले ते बघा. कागदावर तारीख घालून जपून ठेवा. एका डब्यातले छर्रे संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीचे आणू नका, कारण प्रत्येक बंदुकीचं प्रत्येक छर्ऱ्याशी सारखं जमत नाही. दहाही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायला लागली, की मग मागची खाच डावी-उजवी, वर-खाली करून तो पुंजका ठिपक्यावर आणायचा. तोवर स्क्रू-ड्रायव्हर डब्यातच राहू द्या.