जुनी फटफटी आणि नवे सुटे भाग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. सातवीपर्यंतच्या शाळेंत गणित आणि विज्ञान शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या मनुष्यानें फटफटीच्या नटबोल्टांवर व्याख्यान द्यावें, हें जरा विसंगतच दिसतें. परंतु ज्या घराच्या ओसरीवर एखादी जुनी मोटारसायकल उभी आहे, त्या घरांत हल्लीं एक वाद हमखास चाललेला आढळतो. तरुण म्हणतो, "हिला नवे भाग बसवूं आणि रस्त्यावर काढूं." वडील म्हणतात, "खबरदार हात लावशील तर! तुझ्या आजोबांची आठवण आहे ती." दोघांचेंहि म्हणणें अर्धेंअर्धें बरोबर आहे, आणि म्हणूनच तो वाद मिटत नाहीं.

माझ्यापुरती मीं एक कसोटी ठरविली आहे, ती आरंभींच सांगतों. जो फेरफार पान्यानें करतां येतो, आणि मनांत आल्यास पान्यानेंच मागें घेतां येतो, तो खुशाल करावा. ज्या फेरफाराला करवत किंवा वेल्डिंगची ज्योत लागते, तो करूं नये. ही कसोटी ऐकावयास सोपी वाटते. वापरतांना मात्र एकेक भाग हातीं घेऊन विचार करावा लागतो.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. ती म्हणजे म्हैसूरची जावा. हें नांव मूळचें चेकोस्लोव्हाकियांतलें. फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं जर्मनींतील वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून गाडीचें बारसें केलें. चेक लोक तिला 'यावा' म्हणतात. आपण इंग्रजी वळणानें 'जावा' केलें. आपल्याकडे रुस्तुम इराणी व फारुख इराणी यांनीं म्हैसूर येथें आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या, १९७३ पासून त्यांस येझदी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं कारखाना बंद झाला. २०१८ सालीं जावा हें नांव पुन्हां बाजारांत आलें खरें. पण त्या गाडीचें इंजिन फोर-स्ट्रोक जातीचें, त्याचे भाग जुनीला बसत नाहींत. जुनीचें इंजिन टू-स्ट्रोक, अडीचशें घनसेंटिमीटरचें, वाल्वच नसलेलें, आणि इतकें साधें कीं शाळेंतील फळ्यावर त्याची आकृति पांच मिनिटांत काढतां येते. ज्या दांड्यानें गिअर टाकावयाचा, तोच आंत दाबून मागें फिरविला कीं किक होते, ही तिची गंमत ज्यांनीं अनुभवली आहे त्यांस आतां हंसूं आलें असेल.

माझे थोरले बंधु पशुवैद्यकीय खात्यांत नोकरीस होते. त्यांची १९६९ सालची जावा त्यांच्या पश्चात् गोठ्याच्या कडेला पोत्यांखालीं अठरा वर्षें पडून होती. पुतण्यानें ती चालू करण्याचें मनावर घेतलें, तें कांहीं मिरविण्यासाठीं नव्हे. त्याला ती रोज शेतावर न्यावयाची होती. वाट घाटाची, परततांना दिवेलागण होऊन गेलेली, आणि हंगामांत पुढें उंसानें भरलेल्या ट्रॉल्या, ज्यांच्या पाठीमागें लाल दिवा असेलच असा भरंवसा नाहीं. तेव्हां आमच्यापुढें पहिला प्रश्न दिव्याचा आला.

या गाडीची वीज ६ व्होल्टची. आतां थोडें गणित करूं. २४ वॅटच्या बल्बाला ६ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटला २ अँपिअर पुरतात. पन्नास वर्षांच्या तारा, गंजलेले सांधे आणि चेसीच्या रंगावरच आवळलेली अर्थची तार, या सर्वांचा मिळून पाव ओहम रोध धरला, तर ६ व्होल्टच्या गाडींत एक व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. १२ व्होल्टच्या गाडींत अर्धाच. शिवाय तार तापून उजेड देणाऱ्या बल्बाचा प्रकाश व्होल्टच्या मानानें घटत नाहीं, त्याहून फार झपाट्यानें घटतो. सहांतला एक व्होल्ट गेला कीं प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बारांतला अर्धा गेला तर सातवा-आठवा हिस्साच उणा होतो. जुन्या जावाचा दिवा काजव्यासारखा कां, याचें उत्तर या चार ओळींच्या हिशेबांत आहे.

पण याच हिशेबांतून दुसरीहि गोष्ट निघते, आणि ती विक्रेता आपणांस सांगत नाहीं. नवा संच घेण्याच्या अगोदर सर्व तारा जाड घालाव्या, अर्थच्या जागचा रंग खरवडून पितळी वॉशर द्यावा, सांधे डाख देऊन पक्के करावे, आणि बॅटरीजवळ एक फ्यूज ठेवावा. आम्हीं दोन रविवार एवढेंच केलें, तर दिव्यांत पडलेला फरक शेजाऱ्यांच्याहि लक्षांत आला. ज्याला गाडी महिन्यांतून एकदां दिवसां काढावयाची आहे, त्यानें येथेंच थांबावें.

पुतण्याला मात्र एवढ्यानें भागणारें नव्हतें. गाडी मंद चालली कीं डायनॅमोची वीज तोकडी पडते, आणि घाटाच्या वळणावर, नेमका उजेड हवा तेव्हांच, दिवा पिवळा होतो. युरोपांत अशा जुन्या जावांसाठीं १२ व्होल्टचे तयार संच बनतात. क्रँकच्या टोकावरील डायनॅमो काढून त्याच जागीं फिरतें चुंबक आणि स्थिर वेटोळीं बसतात. पॉइंट आणि कंडेन्सर यांची जरूर उरत नाहीं, ठिणगीची वेळ चुंबक फिरतां फिरतां आपोआप साधली जाते. संच मूळच्याच बोल्टांच्या भोकांत बसतो, केसिंगला नवें भोक पाडावें लागत नाहीं. म्हणून तो माझ्या कसोटीस उतरला. मात्र जुना आर्मेचर काढतांना हातोडी हातीं घेऊं नये. पुलर मिळेपर्यंत आठ दिवस थांबावें लागलें तरी थांबावें, कारण क्रँकच्या टोकाला बसलेला ठोका पुढें बेअरिंगला भोगावा लागतो. आणि १२ व्होल्ट करावयाचे ते सर्वत्र करावे. हॉर्न, मागचा बल्ब, इग्निशनची कॉइल, बॅटरी, यांतील एकहि वस्तु ६ व्होल्टची राहिली तर ती जळते.

पॉइंट गेले याचें मला थोडें वाईट वाटलें, हें कबूल करतों. चार दशांश मिलिमीटरची ती फट फीलर गेजनें जुळवावी, नखाएवढ्या कानशीनें तोंडें घासावीं, आणि बंद पडलेली गाडी वडाच्या झाडाखालीं चालू करावी, हें सुख विजेच्या बंद डबीत नाहीं. ती बिघडली तर रस्त्यावर कांहीं करतां येत नाहीं. पण ती क्वचित् बिघडते, आणि पॉइंट वरचेवर बिघडतात; रोजच्या वापराला डबीच बरी.

आतां एल. ई. डी.विषयीं. पुष्कळ तरुण जुन्या दिव्याच्या वाटींत एल. ई. डी.चा बल्ब खुपसतात आणि उजेड किती पडला म्हणून खूष होतात. दिव्याचा आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असतो. त्याच्या नाभीच्या जागीं बल्बाची बारीक तार यावी, म्हणजे किरण समांतर बाहेर पडावे, अशी त्याची रचना. एल. ई. डी.चे प्रकाशणारे ठिपके त्या नेमक्या जागीं नसतात. त्यामुळें उजेड वाढतो, पण विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत अधिक जातो. आपल्याला दिसावें म्हणून दुसऱ्याला आंधळें करणें ही सुधारणा नव्हे. पुढें १२ व्होल्टचा हॅलोजन घालावा. मागच्या तांबड्या दिव्याला आरशाची अशी अडचण नाहीं, तेथें एल. ई. डी. उत्तम. पुढचा दिवा लावून गाडी भिंतीपासून आठ-दहा पावलांवर उभी करावी, वर एक मनुष्य बसवावा, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीहून खालीं येते कीं नाहीं तें पाहावें.

पेट्रोलचा प्रश्न याहून नाजूक आहे. "शिशाशिवायच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालेल काय?" असें अजून कोणी विचारतात. देशांत शिसें घातलेलें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, आणि जावाला तर वाल्वच नाहींत. ती भीति सोडावी. खरी काळजी इथेनॉलची. पंपावर आतां २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. पेट्रोलचा एक भाग जळण्यास वजनानें पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वींइतकेंच इंधन आलें, तर इंजिनाच्या पोटांत हवा प्रमाणाबाहेर होते. टू-स्ट्रोक इंजिन अशा पातळ मिश्रणावर तापतें, आणि लांब चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो. मागचें चाक एकाएकीं अडकतें तें यामुळें, आणि तसें होऊन पडलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. उपाय महाग नाहीं. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक क्रमांक मोठा घालावा. चढ चढून गाडी बंद करावी आणि प्लग काढून पाहावा. पांढराफटक दिसला तर आणखी मोठा; बिस्किटासारखा तपकिरी दिसला म्हणजे जमलें. जुना जेट कागदाच्या पुडींत जपून ठेवावा.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवितें आणि हवेंतला ओलावा ओढून घेतें. तेव्हां पेट्रोलची नळी व कॉकचीं रबरें इथेनॉल सोसणारीं, विटॉनचीं, घालावीं. पावसाळ्यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर टांकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामीं करावीं. नाहींतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर धरतें, आणि पहिल्या किकेला इंजिनाला तेंच मिळतें.

ब्रेकविषयीं माझें मत तरुणांस रुचणार नाहीं. पुढच्या चाकाला नव्या गाडीचा डिस्क ब्रेक लावण्याची हौस मोठी आहे. पण डिस्क ब्रेक ज्या ओढीनें चाक धरतो, ती ओढ फोर्कच्या खालच्या टोकानें सोसावी लागते. आणि जुन्या फोर्कला कॅलिपर धरण्याची जागाच कोणी केलेली नाहीं. ती करावयाची म्हणजे वेल्डिंग आलें. त्यापेक्षां ड्रम लेथवर गोल करून घ्यावा, शूंना नवें अस्तर चिकटवून तें ड्रमच्या मापानें घासून घ्यावें, केबल नवी घालावी, आणि मुख्य म्हणजे नवे टायर घ्यावे. नक्षी शाबूत दिसली तरी वीस वर्षांचें रबर लाकडासारखें होतें, आणि तसल्या रबरावर डिस्क ब्रेक काय करणार?

उरला करवतीचा भाग. आमच्या ओळखीच्या एका घरच्या मुलानें आजोबांची येझदी शहरांतील एका कारागिराकडे दिली. कॅफे रेसर करावयाची म्हणून त्यानें चेसीचा मागचा भाग कापला, मडगार्ड भंगारांत घातलें, आणि दोन्ही सायलेन्सरांच्या आंतील नळ्या आवाजासाठीं उपटल्या. कॅफे रेसर ही इंग्लंडांतल्या १९६० च्या सुमाराच्या तरुणांची हौस. त्यांच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना ती कशीबशी सोसली. टू-स्ट्रोक इंजिनांत सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव असतो. जळलेला धूर बाहेर जातांना ताजें मिश्रण त्याच्या मागोमाग निसटूं नये, याची जोखीम त्याच्यावर असते. नळ्या गेल्या तशी गाडीची ओढ गेली, पेट्रोल वाढलें, आणि गल्लींतलीं म्हातारीं माणसें दारें लावून घेऊं लागलीं. आजोबा तेव्हां हयात होते. त्यांनीं एकदांच गाडीकडे पाहिलें आणि आंत निघून गेले. तो मुलगा आज तें मडगार्ड शोधीत जुन्या बाजारांतून हिंडतो आहे.

कायदाहि करवतीच्या विरुद्धच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, नोंदणींत लिहिलेलें कारखान्याचें मूळ स्वरूप मालकाला आपल्या मर्जीनें पालटतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हीच गोष्ट पुन्हां स्पष्ट केली. चेसी आणि इंजिन यांवरील क्रमांकांना तर कानस लावूंच नये. रंग बदलावयाचा तरी परिवहन कार्यालयांत नोंद करून घ्यावी. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी दिली. तिची अट अशी कीं चेसी, बाहेरचा सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्ती यांसारख्या कामांखेरीज रोज रस्त्यावर आणतां येत नाहीं. पुतण्याला गाडी रोज हवी, म्हणून आम्हीं नेहमींचीच नोंदणी नूतन करून घेतली. पण त्याच्या मुलाला उद्यां ती व्हिंटेज म्हणून नोंदवावीशी वाटली, तर चेसी अखंड आहे, इंजिन तेंच आहे. वाट बंद झालेली नाहीं.

यासाठीं एक काम अवश्य करावें. काढलेला प्रत्येक जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, पत्र्याच्या एकाच पेटींत ठेवावा, आणि पेटीच्या झांकणाच्या आंत यादी चिकटवावी: कोणता भाग, कोणत्या तारखेस काढला, त्या जागीं काय घातलें. तारांच्या रंगांचा नकाशाहि तींतच असावा. आमच्या पेटींत डायनॅमो, पॉइंटची पाटी, जुनी कॉइल, जेट आणि ६ व्होल्टचे दोन बल्ब आहेत.

सर्व झाल्यावर पहिली फेरी दिवसां आणि घराजवळच मारावी. पन्नास किलोमीटर झाले कीं इंजिन थंड होऊं द्यावें आणि प्रत्येक नवा बोल्ट पुन्हां आवळून पाहावा. टू-स्ट्रोकच्या कंपानें तो सैल होतोच. प्लग, क्लचची केबल, एक फ्यूज आणि पक्कड एवढें सामान सीटखालीं असावें. घाटांत काळोखांत जाण्याची वेळ त्यानंतरची.